सांदण दरी : उतरण्यापूर्वीचा विचार

सोलापूरचे माळरान आणि सह्याद्रीचे कडे यांचे बाह्य रूप एकमेकांपासून अगदी भिन्न असले, तरी दोहोंचा पाया एकच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचे पठार तयार झाले. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत कारखान्याचा पाया खणताना लागणारा काळा पाषाण आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील सांदण दरीच्या दोन्ही अंगांना उभा असलेला काळा पाषाण हे एकाच कुळातील होत. फरक आहे तो पावसाचा आणि उताराचा. सोलापुरात वर्षाकाठी सरासरी सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. सांदण दरीलगतच्या घाटघर परिसरात तो अनेक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास जातो. या पाण्याचा काही भाग सह्याद्रीच्या धारेवरून पश्चिमेस कोकणात कोसळतो. अशाच पाण्याने युगानुयुगे खडकातील भेगा रुंदावून ही दरी कोरली आहे.

गेल्या काही वर्षांत सांदण दरीतील पदभ्रमण आणि दोराच्या साहाय्याने कडा उतरण्याचा खेळ, म्हणजेच रॅपलिंग, फार लोकप्रिय झाला आहे. पुणे-मुंबईपुरती मर्यादित असलेली ही हौस आता जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालये, कार्यालये आणि कारखान्यांपर्यंत पोहोचली आहे. तरुणांनी डोंगर पाहावेत, अंगमेहनत करावी, एकमेकांवर विसंबण्यास शिकावे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र ही दरी नेहमीच्या गडवाटेसारखी नाही. तिचा स्वभाव नीट समजून घेतल्याखेरीज तिच्यात समूहाने उतरणे धोक्याचे ठरते. हा स्वभाव समजावा, यादृष्टीने एक उदाहरण घेणे उपयुक्त होईल. अक्कलकोट रस्त्यावरील वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या एखाद्या कारखान्यातील पंचवीस कामगारांनी हिवाळ्यात सांदण दरीचा बेत आखला आहे, असे समजू.

दरीचे स्वरूप

सांद म्हणजे फट. दरीचे नाव तिच्या रूपावरूनच पडले असावे, असे वाटते. भंडारदरा जलाशयाच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या अगदी कडेला साम्रद हे गाव वसले आहे. एका अंगाला रतनगड, दुसऱ्या अंगाला अलंग, मदन व कुलंग ही दुर्गत्रयी आणि काही अंतरावर १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वोच्च असे कळसूबाईचे शिखर, असा हा परिसर आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्याचा हा मुलूख असून येथील वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर समाजाची आहे. भात व नागली ही येथील मुख्य पिके होत.

साम्रद गावापासून थोड्याच अंतरावर जमीन जणू दुभंगते. प्रवेशाशी साधी घळ वाटणारी वाट हळूहळू खोल जाते. दोन्ही बाजूंचे कडे दोनशे फुटांहून उंच होतात आणि काही ठिकाणी रुंदी इतकी कमी होते की, हात पसरले असता दोन्ही भिंतींना लागावेत. सूर्यप्रकाश तळाशी क्वचितच पोहोचतो. वाटेत पाण्याची दोन टाकी लागतात. पहिले उथळ असते. दुसऱ्यात पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंतही पाणी असते. पुढे घरांएवढ्या शिळा एकमेकींवर कोसळून पडल्या आहेत. त्यांवरून चढत-उतरत गेल्यावर दरी एकाएकी तुटते. येथे सुमारे पंचेचाळीस फुटांचा सरळ कडा असून तो दोराशिवाय उतरता येत नाही. त्याखाली लहान उंचीचे आणखी टप्पे आहेत. हे सारे उतरल्यावर दरी रुंदावते आणि वाट ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील डेहणे गावाकडे निघते. ज्यांना साम्रदला परतावयाचे असेल, त्यांना करोली घाटाची खडी चढण चढावी लागते.

पहिल्या कड्यापर्यंत जाऊन मागे फिरणारे पर्यटक पुष्कळ असतात. त्यांची सहल काही तासांत संपते. कडा उतरणाऱ्यांचा दिवस मात्र पुढे सुरू होतो. या दोन गोष्टींमधील भेद प्रत्येक संयोजकाने ध्यानी घेणे आवश्यक आहे.

दोराची ओळख

सोलापूरच्या विणकराला दोराची ओळख करून देणे तुलनेने सोपे आहे. टॉवेल विणताना एक ताणा घट्ट आणि दुसरा सैल ठेवला जातो. घट्ट ताण्यावर कापडाची मजबुती अवलंबून असते, सैल ताण्यातून टॉवेलवरचे फासे उठतात. म्हणजे एकाच कापडात दोन प्रकारच्या धाग्यांना दोन कामे वाटून दिलेली असतात. गिर्यारोहणाच्या दोरातही कामाची अशीच वाटणी असते. नायलॉनच्या पिळदार धाग्यांचा आतला गाभा बहुतांश भार पेलतो आणि त्याभोवती यंत्रावर विणलेले आवरण गाभ्याचे घर्षणापासून रक्षण करते. कडा उतरण्यासाठी कमी ताणला जाणारा दोर वापरतात. अकरा मिलिमीटर जाडीचा असा नवा दोर दोन टनांहून अधिक भार सहन करू शकतो.

ही शक्ती पाहून मनुष्य निर्धास्त होतो आणि तेथेच चूक घडते. दोराला गाठ मारली की त्याची शक्ती साधारणपणे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश कमी होते. नायलॉन भिजले की ते आणखी काही अंशी दुबळे होते; आणि सांदण दरीत दोर भिजण्याचे प्रसंग अनेक येतात. धारदार कडेवर दोर घासत राहिला, तर आवरण फाटून गाभा उघडा पडतो. मागावर एखाद्या कडेला सतत घासणारा धागा अखेरीस तुटतो, हे विणकराने रोज पाहिलेले असते. म्हणूनच कड्याच्या काठावर दोराखाली जाड कापड किंवा संरक्षक पट्टी घालण्याचा नियम आहे. घातली नाही तरी चालेल, अशी ती गोष्ट नव्हे.

दोर ज्या ठिकाणी बांधला जातो, त्याला अँकर म्हणतात. तो कधीही एकाच आधारावर अवलंबून नसावा. परस्परांपासून स्वतंत्र असे किमान दोन आधार असावेत. एक निसटला तरी दुसऱ्याने संपूर्ण भार पेलला पाहिजे. खडकात ठोकलेला जुना खिळा केवळ तो तेथे आहे म्हणून विश्वासार्ह मानू नये. उतरणाऱ्याच्या कमरेला हार्नेस, त्यात कुलूपबंद कॅराबिनर व दोर सोडणारे डिसेंडर, डोक्यावर शिरस्त्राण, आणि नवशिक्यासाठी वरून सांभाळलेला दुसरा स्वतंत्र दोर, ही किमान सामग्री होय. खाली उभ्या असलेल्या जाणत्या व्यक्तीने मुख्य दोर ताणून धरल्यास उतरणाऱ्याचा वेग थांबविता येतो, म्हणून पहिला उतरणारा नेहमी अनुभवी असावा. शिरस्त्राण मात्र केवळ कडा उतरतानाच नव्हे, तर दरीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत डोक्यावर असावे. कारण वरून सुटणारा दगड खाली कोण उभे आहे हे पाहून पडत नाही.

परतीची वाट

रॅपल हा शब्द फ्रेंच भाषेतून आला आहे. त्याचा अर्थ परत बोलावणे असा होतो. फ्रान्समधील शामोनी येथील गिर्यारोहक जाँ एस्तेरिल शार्ले यांना या पद्धतीचे जनक मानले जाते. १८७० नंतरच्या दशकात आल्प्समधील प्ती द्र्यू या शिखरावरील प्रयत्नांच्या वेळी त्यांनी ही पद्धत विकसित केली. दोर कड्यावरील आधारातून दुहेरी ओवायचा, शेवटच्या माणसाने त्यावरून खाली उतरायचे आणि मग एक टोक ओढून संपूर्ण दोर खाली परत घ्यायचा, असे तिचे स्वरूप आहे. यामुळे एकच दोर पुढील कड्यांसाठी पुन्हा वापरता येतो.

या सोयीची किंमतही तेवढीच मोठी आहे. दोर ओढून घेतला की मागची वाट बंद होते. पंचेचाळीस फुटांचा ओला, गुळगुळीत कडा सामान्य माणसाला चढता येत नाही. त्यानंतर कोणाचा पाय मुरगळो, कोणाला थंडी भरो, अंधार पडो वा आभाळ भरून येवो, जाण्याची दिशा एकच उरते, ती म्हणजे खाली. म्हणून सांदण दरीतील खरा निर्णय कडा उतरताना घ्यावयाचा नसतो. तो पहिल्या कड्याच्या काठावर, दोर ओढण्यापूर्वी, आणि त्याहूनही आधी घरून निघताना घ्यावयाचा असतो.

१८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. बाहेर पडण्याची वाट कोणती, हा प्रश्न संकट येण्यापूर्वीच विचारावा लागतो, हे या वसाहतीतील कामगारांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. तोच प्रश्न सुटीच्या दिवशी दरीच्या तोंडाशी उभे राहूनही विचारला गेला पाहिजे.

पहिल्या कड्यावर गटप्रमुखाने काही गोष्टी मोजून पाहाव्यात. घड्याळात किती वाजले आहेत? सर्वांत थकलेल्या सदस्याची स्थिती काय आहे? पाणी, खाद्य, विजेऱ्या आणि प्रथमोपचाराची पेटी पुरेशी आहे काय? आकाश निरभ्र आहे काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर मागे फिरणे हाच योग्य निर्णय होय. मागे फिरलेल्या गटाला भ्याड समजण्याची वृत्ती डोंगरात अनेक अपघातांना कारणीभूत ठरते.

वेळेचे गणित

पंचवीस जणांच्या आपल्या गटाचे गणित मांडून पाहू. हार्नेस तपासणे, दोर अडकविणे, सूचना देणे, उतरणे आणि दोर मोकळा करणे यांसाठी एका नवशिक्याला सहा मिनिटे लागतात असे मानले, तर एका दोरावर पंचवीस जणांना दीडशे मिनिटे, म्हणजे अडीच तास लागतात. हा केवळ पहिला कडा झाला. खालचे दोन टप्पे लहान असल्याने प्रत्येकी तीन मिनिटे धरली, तरी आणखी अडीच तास होतात. म्हणजे पाच तास केवळ दोरापाशी गेले. शिळांवरून चालण्याचा, पाणी ओलांडण्याचा आणि विश्रांतीचा वेळ निराळाच. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दरीच्या तळाशी त्याच्या बऱ्याच आधी काळोख दाटतो.

या गणिताचे निष्कर्ष स्पष्ट आहेत. गट लहान असावा, किंवा दोन स्वतंत्र दोर आणि दोन प्रशिक्षित चमू असावेत. प्रवेश भल्या सकाळी व्हावा. दरीच्या तळाशी मुक्काम करावयाचा असल्यास तो ठरवून, परवानगीने आणि तयारीनिशी करावा. तो अंधाराने लादलेला नसावा. सोलापूर ते साम्रद हे अंतर साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक आहे. शेवटची पाळी करून रात्रभर गाडीत बसलेला कामगार सकाळी थेट दरीत उतरला, तर त्याचे हात-पाय त्याला साथ देणार नाहीत. एक रात्र साम्रदमध्ये विश्रांतीसाठी राखून ठेवणे हा खर्चाचा नव्हे, सुरक्षिततेचा भाग समजावा.

पाण्याचा धोका

दरी पाण्याने कोरली आहे आणि पाऊस आला की ती पाण्याचीच असते. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर अवघा दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी एक कोटी लिटर पाणी होते. उघड्या खडकावर ते फारसे मुरत नाही. ते काही फूट रुंदीच्या फटीतून वाहू लागले, तर काय होईल याची कल्पना करता येते. म्हणूनच पावसाळ्यात या दरीत कोणीही उतरू नये. साधारणपणे नोव्हेंबर ते मे हा काळ योग्य मानला जातो. त्यातही अवकाळी पावसाचा इशारा असल्यास बेत रद्द करावा.

जगातील दोन घटना यासंदर्भात बोलक्या आहेत. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अँटेलोप कॅन्यन ही अशीच अरुंद घळ आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तेथे अचानक आलेल्या लोंढ्यात अकरा जण मृत्युमुखी पडले. मुख्य पाऊस घळीपासून कित्येक किलोमीटर दूर, वरच्या अंगाला पडला होता. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या साक्सेटेनबाख ओढ्याच्या घळीत एकवीस जणांचा असाच अंत झाला. त्यांत तीन मार्गदर्शकही होते. डोक्यावरचे आकाश निरभ्र आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही, हा या घटनांचा धडा आहे. स्वित्झर्लंडने पुढे साहसी उपक्रमांच्या संयोजकांसाठी संघीय कायदा केला आणि तो २०१४ पासून अमलात आला.

दरीत असताना पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामानाचा विचार न करता जवळच्या उंच व सुरक्षित जागी चढावे. थंडीचा धोकाही कमी नाही. पाण्यातून भिजून बाहेर पडलेला मनुष्य सावलीत तासभर दोराची वाट पाहत उभा राहिला, तर तो गारठतो व त्याचे हात बधिर होतात. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घेणे म्हणून अगत्याचे आहे. कड्यांवर आग्यामोहोळे असतात. धूर, अत्तर आणि गोंगाट यांमुळे माश्या उठतात व अरुंद दरीत पळण्यास जागा नसते. शेकोटी पेटविण्यामागचा हा धोका अभयारण्याच्या नियमांइतकाच ध्यानात ठेवला पाहिजे.

गावाचा वाटा

सांदण दरीमुळे साम्रद परिसरातील अनेक कुटुंबांना भाताच्या हंगामानंतर रोजगार मिळू लागला आहे. घरगुती भोजन, मुक्कामाची सोय आणि वाटाड्याचे काम यांतून पैसा गावात येतो. परंतु गावाचा खरा वाटा याहून मोठा आहे. दुसऱ्या टाक्यातील पाणी आज किती आहे, कोणता दगड गेल्या पावसाळ्यात सरकला, करोली घाटातील पाण्याचा झरा आटला की नाही, ही माहिती कोणत्याही नकाशात मिळत नाही. ती ग्रामस्थांकडेच असते. बाहेरून येणाऱ्या संयोजकाने स्थानिक वाटाड्या घेणे ही मेहरबानी नसून त्याची स्वतःची गरज आहे.

अशा गावांच्या ग्रामपंचायतींना वनविभागाच्या सहकार्याने बरेच काही करता येण्याजोगे आहे. दरीत शिरणाऱ्या प्रत्येक गटाची नावे, संख्या आणि परतीची अपेक्षित वेळ यांची नोंदवही प्रवेशाशी ठेवता येईल. एका दिवसात कडा उतरणाऱ्या गटांची संख्या आणि क्रम ठरविता येईल; कारण पहिल्या कड्यावर दोन-तीन गट एकत्र अडकले, तर सर्वांचेच वेळापत्रक कोलमडते. पावसाचा इशारा मिळताच प्रवेश बंद करण्याची पद्धत बसविता येईल. गावातील तरुणांना दोर-प्रशिक्षण व प्रथमोपचाराचे शिक्षण मिळाल्यास संकटसमयी पहिली मदत तेच पोहोचवू शकतील. दरीत मोबाइल चालेलच अशी खात्री नसते. त्यामुळे ठरलेल्या वेळी गट बाहेर आला नाही, हे प्रथम गावालाच कळू शकते. पुढे ११२ या क्रमांकावरून पोलीस यंत्रणेला आणि राज्यातील गिर्यारोहकांच्या स्वयंसेवी बचाव पथकांना सूचना देता येते.

संयोजकांची जबाबदारी

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण स्वीकारले. जमीन, पाणी व हवा या तिन्ही ठिकाणच्या उपक्रमांचा त्यात समावेश असून संयोजकांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक, प्रमाणित साहित्य आणि आपत्कालीन व्यवस्था यांवर भर देण्यात आला आहे. ज्यांच्या हाती परवानगी देण्याचे किंवा सहल ठरविण्याचे काम असते, त्या मुख्याध्यापकांनी, कामगार कल्याण अधिकाऱ्यांनी व कारखान्याच्या व्यवस्थापकांनी संयोजकाला माणशी किती पैसे घेणार, एवढेच विचारून थांबू नये. नोंदणी आहे काय, दोर किती जुना आहे, मार्गदर्शकाने कोठे प्रशिक्षण घेतले, किती जणांमागे एक मार्गदर्शक आहे, विमा आहे काय आणि जखमी माणसाला दरीबाहेर कसे काढणार, हे प्रश्न विचारावेत. शेवटच्या प्रश्नाला तत्काळ व नेमके उत्तर मिळाले नाही, तर तो संयोजक नाकारावा. शालेय विद्यार्थ्यांसाठी पहिल्या कड्यापर्यंतचे पदभ्रमण पुरेसे आहे. खडक, पाणी आणि काळ यांचे नाते शिकण्यासाठी तेवढी वाट एखाद्या प्रयोगशाळेहून कमी नाही.

आपल्या उदाहरणातील पंचवीस कामगारांकडे पुन्हा वळू. त्यांनी सोलापुरातच एखाद्या अनुभवी गिर्यारोहण संस्थेकडून दोरावर उतरण्याचा सराव केला. प्रकृती बरी नसणाऱ्यांनी मोकळेपणाने तसे सांगितले. गट दोन तुकड्यांत विभागला. गावात मुक्काम केला. नोंदवहीत नावे लिहिली. आणि पहिल्या कड्याच्या काठावर सर्वांनी थांबून परिस्थितीचा विचार केला, तर हा प्रवास त्यांच्या आयुष्यातील संस्मरणीय अनुभव ठरेल. यंत्रमागाच्या खडखडाटात शेजारच्या माणसाशी बोलणेही कठीण असते. येथे सहकाऱ्याने दोर सांभाळला आहे, या एकाच विश्वासावर प्रत्येकजण कड्यावरून पाऊल मागे टाकतो. हा विश्वास पुन्हा कारखान्यात परततो, हा या खेळाचा मोठा लाभ होय.

आणि काठावर थांबून विचार केल्यानंतर त्यांनी मागे फिरण्याचे ठरविले, तरीही त्यांची सहल वाया गेली असे कोणी म्हणू नये. दरी कोठे जाणार नाही. पुढच्या हिवाळ्यातही ती तेथेच असेल. पंचवीसच्या पंचवीस जणांनी ती पाहण्यास पुन्हा यावे, हे अधिक महत्त्वाचे आहे.